गच्चीवर लॉन की चेरी टोमॅटो? अनुभव सांगा

पार्लेकर_मृण्मयी

नमस्कार मंडळी,

विलेपार्ले पूर्वेला आम्ही नुकतेच नव्या घरात राहायला आलोय. घराला लागून साधारण ४०० चौरस फुटांची उघडी गच्ची आहे. सकाळी नऊपर्यंत शेजारच्या टॉवरची सावली, मग थेट संध्याकाळपर्यंत ऊन. खाली दुसऱ्यांचं घर आहे, म्हणजे आमची फरशी हे त्यांचं छत.

सासऱ्यांची इच्छा आहे की सगळीकडे लॉन करावं. त्यांचं वय ७४, गुडघे दुखतात, खाली उतरून बागेत जाणं कमी झालंय. सकाळी अनवाणी चालायला हिरवळ हवी, नातवाला लोळायला जागा हवी. मला चेरी टोमॅटो लावायचेत. मुलगा भाजीतला टोमॅटो वेचून ताटाच्या कडेला ठेवतो, पण चेरी टोमॅटो मूठमूठ खातो. बाजारात ती छोटी डबी घ्यायची तर भाव बघूनच हात आखडतो. शिवाय औषध न मारलेलं, घरचं मिळावं असं मनापासून वाटतं.

दोन्हींची तुलना करून कोणी नीट सांगेल का? पाणी किती, रोजचं काम किती, मुंबईच्या पावसात काय टिकतं आणि हाती काय लागतं? ऑगस्ट संपत आलाय, त्यामुळे काय ते लवकर ठरवा असं नर्सरीवाले म्हणाले.

एक_मुंबईकर

आमचं अख्खं घर ४०० चौरस फूट! ताई, मजा करा, आणि पहिल्या टोमॅटोचा फोटो इथेच टाका.

गच्चीकर

मुलुंडला गच्चीवर बरीच वर्षं भाज्या करतोय, काही काळ लॉनही सांभाळलंय, म्हणून दोन्हीकडून बोलतो.

सगळ्यात मोठा फरक असा की लॉनला सुट्टी नसते. टोमॅटोचं काम सप्टेंबरात सुरू होतं, मार्चअखेर संपतं. मग झाडं उपटायची, माती उन्हात पसरून तापवायची, आणि मे महिन्यात खुशाल गावाला जायचं. लॉन मेमध्येच सर्वात जास्त पाणी मागतं, नेमकं तेव्हाच आपण कोकणात असतो.

पाण्याचा हिशेब करून बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मुंबईच्या उन्हाळ्यात उघड्या गच्चीवरच्या गवताला दिवसाला ५ मिलिमीटर तरी लागतं. ४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. झाले रोजचे १८५ लिटर. शहरात एका माणसासाठी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे लॉन लावलं की घरात एक माणूस वाढला, आणि तोही जास्त पाणी वापरणारा. टोमॅटोच्या १२ ग्रो बॅगा (माती भरून झाड लावायच्या पिशव्या) धरल्या तर भर उन्हाळ्यातही २०-२५ लिटरमध्ये भागतं, आणि तेही भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यातून बरंचसं निघतं.

पावसाळ्यापूर्वी तानसा, भातसा, वैतरणा या मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांची पातळी खाली गेली की दरवर्षी कपातीची बातमी येते. त्या दिवसांत सोसायटीच्या टाकीतलं पाणी गवतावर ओतायला मला स्वतःला जड जातं. माझं मत टोमॅटोला.

मालतीआत्या

मृण्मयी बाळा, मी सासऱ्यांच्या बाजूने. म्हातारपणी पायाखाली ओलं गवत असणं म्हणजे काय, ते ज्यांचे पाय फरशीवर दुखतात त्यांनाच कळतं. मी गोरेगावला राहते. खाली सोसायटीच्या बागेत हिरवळीचा एक पट्टा आहे, तिथे पंधरा मिनिटं चाललं की दिवस चांगला जातो. टोमॅटो बाजारात मिळतो, हिरवळ मिळत नाही.

आणि गणपती जवळ आलेत. हरळी लावलीस तर घरच्या दूर्वा होतील. दादरच्या बाजारात जाऊन जुड्या घ्यायला नकोत. २१ दूर्वा स्वतःच्या हातांनी खुडून वाहण्यात फार समाधान असतं गं.

अभय_स्थापत्य

मी इमारतींच्या मजबुतीचं काम करतो. आवडनिवड नंतर, आधी वजन.

माणसांना जाता-येता येईल अशा सपाट छतावर भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतका वापराचा भार धरतात. आता लॉनसाठी चार इंच लाल माती टाकली तर ओल्या मातीचं वजनच चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास जातं. माणसं, खुर्च्या, पाऊस यांचा त्यात हिशेबच नाही. तुमच्या सगळ्या गच्चीवर मिळून साडेसहा टन. हा बोजा तिथे कायम राहणार, उतरवता येणार नाही.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) वापरून हलकं मिश्रण केलं तर वजन निम्म्याच्या आसपास येतं. तरीही इमारतीचे नकाशे बघितल्याशिवाय ‘चालेल’ असं मी कोणालाही सांगणार नाही. २० लिटरची ग्रो बॅग ओली असताना १५ ते २० किलो भरते. अशा १२ बॅगा कठड्याच्या कडेने, तुळईच्या रेषेत ठेवल्या तर भार बराच कमी आणि विभागलेला राहतो. खाली विटा किंवा स्टँड ठेवून जागा मोकळी सोडा.

दुसरं, निचरा. २६ जुलै २००५ ला तुमच्या शेजारी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुमच्या गच्चीवर त्याचे जवळजवळ ३५ हजार लिटर झाले असते, आणि ते सगळं कोपऱ्यातल्या एका-दोन तोट्यांतून जायचं. लॉनखालची माती वाहून त्या तोट्या तुंबल्या तर पाणी जाणार कुठे? लॉन करायचंच तर वॉटरप्रूफिंग नव्याने, त्यावर मुळं अडवणारा थर, मग ड्रेन सेल (पाणी खालून वाहून जावं म्हणून जाळीदार प्लास्टिकचा थर), मग गाळणीचं कापड, आणि मग माती. यातलं एकही गाळता येत नाही. गळतीवरून शेजाऱ्यांशी संबंध बिघडले की ते पुन्हा जुळायला वर्षं जातात.

सानिका_ठाणे

अभयदादा, पण मलबार हिलचं हँगिंग गार्डन तर पाण्याच्या टाकीवरच आहे ना? तिथे केवढी हिरवळ आहे.

अभय_स्थापत्य

@सानिका, बरोबर. १८८१ मध्ये ते उद्यान जलाशयाच्या छतावरच केलं गेलं. छतावर हिरवळ होऊच शकत नाही असं मी म्हणतच नाही. ज्या छताची रचना तेवढ्या मातीसाठी केलेली असते तिथे ती नक्की होते. राहत्या घराच्या गच्चीचं गणित वेगळं असतं, एवढंच सांगायचंय.

मैदानप्रेमी

गवताची बाजू कोणी तरी नीट मांडायला हवी. मी दादरला एका जिमखान्याच्या मैदानाची देखभाल बघतो.

गच्चीकरदादांचा पाण्याचा आकडा बरोबर आहे, पण अर्धी गोष्ट राहिली. हरळी ही मरायला तयार नसलेली वनस्पती आहे. पाणी तोडलं तर ती पिवळी पडते, तपकिरी होते, वरून मेलेली दिसते, आणि पहिल्या दोन सरींत जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते. टोमॅटोला एप्रिलमध्ये चार दिवस पाणी देऊ नका, पुन्हा बघायला लागणार नाही. म्हणजे कपातीच्या दिवसांत हिरव्या रंगाचा आग्रह सोडला तर लॉन वाचतं.

उन्हाचंही तेच. आपल्याकडची लॉनची गवतं उष्ण प्रदेशातली. जसं ऊन वाढेल तशी ती जोमाने वाढतात. टोमॅटोचं झाड ३५ अंशांच्या वर गळपटतं.

आता जाती. नर्सरीत ‘मेक्सिकन’ म्हणून मिळतं ते बारीक पानाचं, दाट, हळू वाढणारं, म्हणून कापणी कमी. दिसायला सुंदर, पण त्याला ऊन हवंच. हरळी किंवा ‘सिलेक्शन १’ चालण्या-खेळण्यासाठी सर्वात चिवट, तुडवलं तरी भरून येतं, मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला कापावं लागतं. सावलीत फक्त रुंद पानाचं कार्पेट ग्रास टिकतं. तुमच्याकडे नऊनंतर सतत ऊन आहे, म्हणजे हरळी डोळे झाकून.

कापताना एकच नियम पाळा: एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. फार खाली खरवडलं की मुळं आखडतात, उघडी माती तापते, आणि तिथे लव्हाळा नावाचं तण शिरतं. या लव्हाळ्याबद्दल कळकळीने सांगतो. तो लाल मातीबरोबर येतो. वरचं पान उपटलं तर खालच्या गाठीतून दोन नवे कोंब येतात. गाठीसकट खुरप्याने काढायचा, आणि माती घेतानाच चाळून घ्यायची. माती टाकण्याआधी ओली करून आठवडाभर ठेवलीत तर काय काय उगवतंय ते कळतं. तेवढा धीर धरा.

पाणी रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड मुरेपर्यंत, आणि सकाळी. रात्रभर पानं ओली राहिली की पावसाळी हवेत बुरशीचे गोल डाग पडतात.

बोरिवली_हिरवळ

आमच्याकडे नॅशनल पार्कातून माकडं येतात. टोमॅटो पिकायच्या आधीच फस्त. पार्ल्यात माकडं नसतील, पण बुलबुल आहेत ना? लाल ठिपका दिसला की सकाळी साडेसहाला हजर.

गच्चीकर

@बोरिवली_हिरवळ, बुलबुलावर उपाय आहे. घडातल्या फळावर हिरव्याचा पिवळसर-केशरी रंग यायला लागला की खुडून घरात ठेवायचं. रंग बदलायला लागल्यावर फळ झाडावरून फारसं काही घेत नाही, टोपलीत दोन-चार दिवसांत छान पिकतं. चवीत मला तरी फरक लागलेला नाही. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, गारव्याने वास आणि गोडी मरते.

@मैदानप्रेमी, हरळी परत फुटते हे मान्य. पण ज्या आजोबांना चालायचंय त्यांना मेमध्ये तपकिरी काड्या टोचणार, त्याचं काय?

मैदानप्रेमी

@गच्चीकर, मे महिन्यात सकाळी नऊनंतर गच्चीवर कोणीच चालत नाही. आणि आजोबांसाठी पूर्ण ४०० चौरस फूट हिरवं ठेवायची गरजही नाही. हा मुद्दा पुढे आला ते बरं झालं, मृण्मयीताईंनी क्षेत्रफळ कमी करण्याचा विचार करावा.

सुहास_नारायणगाव

आमचं गाव टोमॅटोचं. नारायणगावचा बाजार जुन्नर भागातल्या शेतकऱ्यांना वर्षभराचे पैसे देतो, आणि कधी सगळे घेऊनही जातो. २०२३ च्या जुलैत मुंबईत टोमॅटोने किलोला शंभरी पार केली तेव्हा इथे सगळे चिडले होते. त्याच्या काही आठवडे आधी भाव इतका पडला होता की लोकांनी शेतातच माल टाकला, हे फार थोड्यांना माहीत. म्हणून शहरातल्या माणसाने एकदा तरी टोमॅटो स्वतः पिकवून बघावा असं मला मनापासून वाटतं. मी आता कांदिवलीत राहतो आणि खिडकीतल्या ग्रिलमध्ये चेरी टोमॅटो घेतो.

आता वेळेचं. तुमच्या नर्सरीवाल्यांनी बरोबर सांगितलं. टोमॅटोचं फळ रात्रीच्या गारव्यावर धरतं. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहत असेल तर फूल येतं आणि देठातून गळून पडतं. मुंबईत गारव्याच्या रात्री मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या वेळी झाड पूर्ण वाढलेलं, फुलोऱ्यात हवं. उलट मोजा: सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी ट्रेमध्ये, पाच ते आठ दिवसांत उगवण, चार आठवड्यांनी रोप बॅगेत. तोवर परतीचा पाऊस संपतो. चेरीच्या जाती मोठ्या टोमॅटोपेक्षा उकाडा जास्त सोसतात, त्यामुळे मार्चपर्यंत तोडा चालतो.

रोप लावताना खालची पानं काढून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत पुरा. टोमॅटोच्या खोडावर बारीक लव असते, आणि पुरलेल्या भागात सगळीकडून मुळं फुटतात. मुळं जास्त, झाड दणकट. ही गोष्ट वांग्याला-मिरचीला इतकी चालत नाही.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटवा येतो, त्याला आम्ही बगलफूट म्हणतो. वेलीसारखी वाढणारी जात असेल तर बगलफुटी बोटभर असतानाच चिमटून टाका, एक किंवा दोनच खोडं ठेवा, सुतळीने बांबूला बांधा. गाठ सैल, आठच्या आकड्यासारखी, म्हणजे खोड कापलं जात नाही. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं द्या, झालं. चार आठवडे दुर्लक्ष केलं तर गच्चीवर जंगल होतं आणि आत हवा खेळत नाही.

रोगांचं भ्यायचं नाही, पण रोज बघायचं. पांढरी माशी चुरडामुरड्याचा विषाणू आणते. पानं वर वळतात, छोटी होतात, झाड खुजं राहतं. त्यावर औषध नाही. असं झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं, दया येते म्हणून ठेवायचं नाही. पिवळे चिकट सापळे लावा, संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल साबणाच्या दोन-चार थेंबांत मिसळून पानांच्या खालून फवारा. करपा रोगाचे गोल-गोल कडी असलेले डाग खालच्या पानांवर आधी येतात. मातीला टेकणारी पानं काढून टाका, पाणी बुडाशीच घाला.

आणखी एक. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावू देऊ नका. तंबाखूवरचा विषाणू टोमॅटोलाही लागतो. आमच्याकडे मजुरांना हे आधी सांगतात.

राधिका_गिरगाव

सुहासदादा, किती सुंदर लिहिलंत. उपयोगाचं मी सांगते, कारण ‘हाती काय लागतं’ हेही विचारलंय.

पिकलेले चेरी टोमॅटो अख्खे तेलात हिंग-मोहरी-कढीपत्त्यावर टाकायचे, झाकण ठेवायचं, फुटून रस सुटला की गूळ आणि मीठ. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. मार्चमध्ये झाडावर उरलेले हिरवे कधी फेकू नका. हिरवी मिरची, लसूण, तीळ आणि शेंगदाणे परतून त्यांची चटणी करा, ही चव बाजारातल्या टोमॅटोला येतच नाही कारण कोवळा हिरवा चेरी तिथे मिळतच नाही. सारासाठी मात्र साधा टोमॅटोच घ्या, चेरीत गर कमी आणि साल जास्त.

कोशिंबिरीत अर्धे करून, वरून दाण्याचं कूट. मुलांच्या डब्यात अख्खे. फक्त अगदी लहान मुलांना अख्खा गोल टोमॅटो देऊ नका, उभा चिरून द्या, घशात अडकतो.

आरोग्यसेवक_कुर्ला

कुंड्या आणि ग्रो बॅगांखालच्या ताटल्यांबद्दल लिहायलाच हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात अंड्यापासून उडणारा डास तयार होतो. पालिकेची माणसं गच्चीवर तपासणीला येतात ती याचसाठी. ऑक्टोबरपर्यंत ताटल्या ठेवूच नका. नंतरही ठेवल्या तर आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहूनही जगतात. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. हे काम विसरू नका, कळकळीची विनंती.

निनाद_परळ

सगळा त्रास वाचवायचा तर प्लास्टिकची हिरवळ घाला. पाणी नको, कापणी नको, वजन नाही. माझ्या मित्राकडे आहे, झकास दिसते.

मालतीआत्या

निनाद, भर दुपारी त्या प्लास्टिकवर अनवाणी उभा राहून बघ एकदा. आमच्या भाचीकडे आहे. फरशीपेक्षा जास्त चटका बसतो.

मैदानप्रेमी

@निनाद, आत्या म्हणतात ते खरं. जिवंत गवत पाणी बाहेर टाकून स्वतःला आणि हवेला गार ठेवतं, प्लास्टिक नुसतं तापतं. शिवाय आपल्या उन्हात काही वर्षांत ते ठिसूळ होऊन तुकडे पडतात आणि पावसात ते सगळे गटारात, तिथून समुद्रात जातात. आजोबांच्या पायाखाली तरी नको.

सानिका_ठाणे

एक शंका. आमच्या संकुलात लॉन कापलं की गोण्या भरभरून गवत कचऱ्यात जातं. ते टोमॅटोच्या कुंडीत आच्छादन म्हणून चालेल का?

गच्चीकर

@सानिका, चालेल काय, धावेल! कापलेल्या गवतात नत्र भरपूर असतं. एक-दोन दिवस उन्हात वाळवून कुंडीत दोन इंचांचा थर द्या, खोडापासून चार बोटं लांब ठेवून. हिरवं आणि ओलं एकदम जाड टाकलंत तर सडतं, गरम होतं, वास मारतं. आच्छादनामुळे ओल टिकते, माती एकदम कोरडी-एकदम चिंब होत नाही. टोमॅटो तडकणं आणि बुडाशी काळा डाग पडणं हे पुष्कळदा त्या चढउतारामुळेच होतं. काळ्या डागात चुन्याची कमतरता असते हे खरं, पण पाणी अनियमित असेल तर मातीत चुना असूनही फळापर्यंत पोचत नाही.

खताचा फरकही यातून कळतो. लॉनला पान हवं म्हणून नत्र. टोमॅटोला तेवढंच नत्र फुलोऱ्यानंतर दिलंत तर झाड हिरवंगार माजतं आणि फळ कमी. कळ्या दिसल्या की शेणखत-गांडूळखताच्या जोडीला पालाश द्या, लाकडाची चिमूटभर राख चालते.

मैदानप्रेमी

@सानिका, थांबा! आधी माळ्याला विचारा की त्या लॉनवर तणनाशक मारलं होतं का. रुंद पानाचं तण मारायला २,४-डी वापरतात. गवताला त्याने काही होत नाही, पण टोमॅटो त्या औषधाला अतिशय नाजूक. किंचित अंश असला तरी शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक होऊन पिळवटतात. लोक मग विषाणू समजून भलतीच औषधं करत बसतात. औषध मारलेलं गवत भाजीच्या कुंडीत अजिबात नको.

सुहास_नारायणगाव

@मैदानप्रेमी, हे सांगितलंत ते फार बरं केलं. शेजारच्या शेतात उसावर हे औषध मारलं आणि वारा आमच्या दिशेने असला की टोमॅटोवर अगदी हेच दिसतं.

पार्लेकर_मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. अभयदादांचा साडेसहा टनांचा हिशेब ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘खालच्यांच्या घरात म्हातारी आई आहे, तिच्या डोक्यावर एवढं ओझं नको.’ मालतीआत्या, तुमचं बोलणंही त्यांना फार आवडलं.

तर असं ठरतंय: संपूर्ण लॉन नाही. सोसायटीच्या इंजिनिअरना नकाशे दाखवून, त्यांनी हो म्हटलं तर साधारण ६ बाय १० फुटांचा हरळीचा पट्टा, हलक्या मिश्रणात, उथळ ट्रेमध्ये. बाकी कठड्याच्या कडेने चेरी टोमॅटोच्या १२ बॅगा. मैदानप्रेमी, एवढ्याशा पट्ट्यावर रोज चाललं तर गवत टिकेल का?

मैदानप्रेमी

टिकेल, पण एक करा. पट्ट्याचे दोन भाग धरा. पहिले दहा-बारा दिवस एकावर चालायचं, दुसरा विश्रांतीला, मग अदलाबदल. लहान जागेत पाय सतत एकाच रेषेत पडतात, माती दबते आणि मधे टक्कल पडतं. ट्रे असल्याने मधले ट्रे कडेला आणि कडेचे मधे असंही करता येईल. महिन्यातून एकदा जुन्या काट्याचमच्याने भोसकून माती मोकळी करा, त्यावर चाळलेल्या गांडूळखताचा बारीक थर. उथळ ट्रेला उन्हाळ्यात रोजच पाणी लागेल, माझा एक दिवसाआडचा नियम तिथे लागू नाही. साडेपाच चौरस मीटरला फार तर ३० लिटर. तेवढं परवडेल. इतक्या जागेला गवत कापायचं यंत्रही नको, गवत कापायची मोठी कात्री पुरे. आजोबांना बसून करता येईल, हातालाही व्यायाम.

ट्रेच्या कडा मात्र फरशीपासून उंच राहणार. ७४ वर्षांच्या माणसाचे गुडघे दुखतायत, पाय अडकू शकतो. दोन्ही टोकांना उतरती फळी आणि एका बाजूने कठड्याचा आधार मिळेल अशीच जागा निवडा.

मालतीआत्या

फळीचं सुचवलंत ते फार चांगलं. मृण्मयी, गणपतीला मात्र या वर्षी दूर्वा दादरहूनच आण, गवताला मूळ धरू दे आधी.

राधिका_गिरगाव

सुहासदादा, धाग्यामुळे मलाही उत्साह आलाय. दुकानातल्या डबीतल्या चेरी टोमॅटोचं बी लावलं तर चालेल का? की बियाणंच विकत घ्यावं?

सुहास_नारायणगाव

@राधिकाताई, उगवेल नक्की. पण डबीतले बहुतेक संकरित असतात, त्यांचं बी लावलं की आईसारखंच फळ येईल याची खात्री नाही. एखादं झाड आंबट, एखादं मोठ्या फळाचं निघतं. पहिल्या वर्षी बियाणं विकतच घ्या, पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं नसलेलं. मग पुढच्या वर्षीसाठी बी घरचं धरता येतं.

ते असं: सर्वात निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर बियांसकट वाटीत पिळा, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर पांढरट साय येईल, वास येईल, घाबरू नका. बीभोवतीचा बुळबुळीत थर त्याने सुटतो, तो राहिला तर उगवण अडते. मग गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा, तरंगणारं बी टाकून द्या, तळाचं बशीवर सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं. पुरतं सुकलं की कागदी पाकिटात, वर जात आणि वर्ष लिहून, कोरड्या डब्यात.

मृण्मयीताई, माझ्याकडे पिवळ्या आणि लाल अशा दोन्ही जातींचं घरचं बी आहे. पत्ता निरोपात कळवा, दोन पाकिटं पोस्टाने पाठवतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये पडायला हवं.